सहा वाजताचा टी

शनिवारी दुपारी सिंगापुरात, क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये फोन वाजला. इंग्लंडमधल्या जुन्या बोर्डिंग स्कूलमध्ये उन्हाळी कोर्सला गेलेली लेक, भार्गवी.

"काल रात्री जेवलीस ना?" उल्काने विचारलं.

"नो लाह, आई," भार्गवी तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली. " इथे डिनर नसतं. सहाला टी असतो."

"नुसत्या चहावर ठेवतात पोरींना? माणसं आहेत की दगड!"

भार्गवीने फोटो पाठवला. ताटात चिकन, बटाटे, मटार, शेजारी पुडिंग. "हाच टी. संध्याकाळच्या जेवणाला टी म्हणतात."

"मग चहाला काय म्हणतात?"

"टीच!"

उल्काचं डोकं चक्रावलं. आणि एकदम तिला गेल्या महिन्यातला रविवार आठवला. नवऱ्याच्या ऑफिसातला इंग्रज साहेब बायकोला घेऊन सहाला आला होता. तिनेच आग्रहाने 'टी'ला बोलावलं होतं. चहा झाला, बिस्किटं झाली, बाईने बिस्किटांचं तीनदा कौतुक केलं, तरी नऊपर्यंत दोघं हलेनात. काय चिवट माणसं, म्हणून स्वयंपाकघरात जाऊन तिने कपाळावर हात मारला होता.

"अगं बाई!" उल्का मटकन खाली बसली. "ती दोघं उपाशी गेली!"