दोन दुखण्यांची एक पिशवी

"उमा, दुखणं माणसांत बोलायचं नाही. देवापुढे बोलायचं." लग्नाच्या पहिल्याच महिन्यात सासूबाईंनी बजावलं होतं. सव्वीस वर्षं मी ते पाळलं. अंग ठणकतं म्हणून मारुतीचा शनिवार धरला, पोट बिघडतं म्हणून शंकराचा सोमवार. डॉक्टरही तसेच वाटून घेतले. हाडांचे अंबरनाथ पश्चिमेला, पोटाचे इथे बदलापुरात. दोघांचं एकमत एवढंच, की रिपोर्ट नॉर्मल.

आमचे हे, श्यामकांत, कारखान्यात अधिकारी. रिपोर्ट नॉर्मल म्हटल्यावर यांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले. पाहुण्यांना हसत सांगायचे, हिला रोज नवीन काहीतरी असतं. यांना स्वतःला नुसता करपट ढेकर आला, की घरातला टीव्ही बंद आणि मी ओव्याचं पाणी घेऊन उशाशी. असा हा शूर पुरुष.

मागच्या महिन्यात शेजारची अस्मिता मला उल्हासनगरला, कॅम्प पाचमधल्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी दोन्ही फायली शेजारी शेजारी उघडल्या. इतकं साधं काम त्या दोन मोठ्या डॉक्टरांना सुचलं नव्हतं. मलाही नाही, मीसुद्धा देव वाटूनच घेतले होते. बाई म्हणाल्या, या अंगभर ठणकण्याला फायब्रोमायल्जिया म्हणतात, आणि तो असलेल्या पुष्कळ जणींचं पोटही असंच छळतं. दुखणं खरं असतं, फक्त रिपोर्टात दिसत नाही. वर त्यांनी उपाशी राहून साबुदाणा खाणं बंद करायला सांगितलं.

आता आमची राजसी, चोवीस वर्षांची, तेच सांगू लागली. मान, खांदे, पोट. हे जेवता जेवता म्हणाले, "आईचं नाटक पोरीनं पुढे चालवलंय." त्या दिवसापासून पोरगी दुखतं म्हणायचीच बंद झाली. सासूबाईंनी तिला काही शिकवलं नव्हतं, तरी शिकली. त्या रात्री मी तिचे पाय चेपता चेपता कबूल केलं, येत्या सोमवारी तुला बाईंकडे नेते.

सोमवारी सकाळी मी भात टाकलेला पाहून यांनी पेपरमागून विचारलं, "आज उपास ना? देवाला काय सांगणार?"

"देवाला रिपोर्ट लागत नाही," मी हळूच म्हटलं.

बेल वाहिला. वाटीभर मऊ भात देवासमोरच बसून खाल्ला. माझ्या दोन्ही फायली एका पिशवीत घातल्या, राजसीच्या चपला दाराशी सरळ करून ठेवल्या आणि रिक्षा बघायला खाली उतरले.