थोडा आवाज

सातूने बंदुकीचे दोन्ही सायलेन्सर दुकानाच्या काउंटरवरच्या हिरव्या कापडावर ठेवले आणि आधी जड तो काउकोच्या हातात दिला. पोलादी, मनगटाएवढा जाड. मग दुसऱ्या हातात हलका. तो टायटॅनियमचा, हातात काही दिलंय की नाही असं वाटावं इतका. काउको दोन्ही हात खालीवर करत उभा राहिला, बाजारात बटाटे जोखावेत तसा.

"वर्षाला किती गोळ्या उडवता, काका?"

"तीन. एखाद्या वर्षी चार."

"आणि सरावाला?"

"सराव कसला? नेम आहे तो आहे."

सातू हसली. "मग हलकाच घ्या. जड कोण घेतं, तर मैदानावर ओळीने पन्नास-पन्नास गोळ्या झाडणारे. नळी तापते, हलक्याला तेवढं सोसत नाही. तीन गोळ्यांसाठी हे लोढणं टोकाला लावून दिवसभर दलदल तुडवणार का तुम्ही? सत्तरी उलटलीय."

"बहात्तर."

"तेच म्हणते मी."

काउकोने हलका खाली ठेवला. जड ठेवला नाही.

"यातला जास्त गप्प कुठला?"

"जड. पण कानाशी म्हणाल तर फरक—"

"कानाशी नाही. आठशे मीटरवर."

सातूचा हात कापडावरच थांबला. गिऱ्हाइकं स्वतःच्या कानाचं विचारतात, फार तर कुत्र्याच्या. आठशे मीटरवरचं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"गोळीचा स्वतःचा फटका होतोच, तो कुणालाच थांबवता येत नाही. पण तो पुढच्या दिशेने जातो. नळीचा दणका म्हणाल तर जड बराचसा गिळून टाकतो. मध्ये झाडी असली तर आठशे मीटरवर काही कळायचं नाही. का पण?"

"ऐला ऐकते," काउको म्हणाला.

सातूला एवढं पुरे होतं. काउको आणि ऐलाचा मुलगा यार्नो शाळेत नऊ वर्षं तिच्याबरोबर एकाच वर्गात होता. तिने बंदूक मागून घेतली, नळीच्या तोंडाला आटे पाडायला आठवडा लागेल म्हणाली, आणि जड सायलेन्सर खोक्यात घालून त्यावर काउकोचं नाव लिहिलं.

फिनलंडमधल्या आमच्या काइनूत ऑक्टोबरात मूसची, म्हणजे घोड्याएवढ्या हरणांची, शिकार सुरू झाली, की घरी राहिलेली माणसं बार मोजतात. एक बार झाला, तर मांस आलं. दोन झाले, तर बघू. तीन झाले, तर आज बटाट्यावर भागवा. यार्नो सोळाव्या वर्षापासून बापाबरोबर रानात जायचा आणि त्याचा बार नेहमी एकच असायचा. तो ऐकला की ऐला चुलीत लाकडं सारायची, निळा स्वेटर घालायची आणि दाराची कडी काढून ठेवायची. आत येताना पोराचे दोन्ही हात भरलेले असणार, हे तिला ठाऊक होतं.

अकरा वर्षांपूर्वी नोव्हेंबरात, बर्फाळलेल्या रस्त्यावर, यार्नोची गाडी लाकडाच्या ट्रकखाली गेली. त्यानंतर कितीतरी वर्षं ऐला बार ऐकायची आणि हातातलं काम तसंच पुढे चालू ठेवायची. मग तिला विसर पडायला लागला. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग महिने गेले आणि एक दिवस तो ट्रकही गेला. बार तेवढा राहिला.

मागच्या शरदात पहिल्या दिवशी काउको मूसचं काळीज पिशवीत घालून घरी आला, तेव्हा टेबलावर तीन ताटं होती. ऐला निळ्या स्वेटरमध्ये खिडकीशी उभी होती. केस विंचरलेले होते.

"एकच बार होता," ती म्हणाली. "यार्नोने मारला ना?"

काउकोला खोटं बोलता येत नाही. मासे मोजतानासुद्धा हा माणूस एक कमीच सांगतो. त्याने दोन तास गेल्यावर सांगितलं, आणि ऐलाने ते पहिल्यांदाच ऐकलं. ती खुर्चीवरून खाली घसरली. फरशीवर बसून रडली. रडता रडता विचारत राहिली, की मला आजवर कुणी सांगितलं का नाही. सकाळी ती सगळं विसरली होती आणि कॉफीत साखर घालताना गुणगुणत होती. काउको विसरला नव्हता. त्या शरदात त्याने तीन मूस मारले, म्हणजे यार्नो त्या घरात तीनदा मेला. आधीच्या शरदात दोनदा मेला होता.

शिकार सोडावी असं त्याच्या मनात आलं नव्हतं असं नाही. पण गावच्या शिकारी टोळीत आता सातच माणसं उरली होती, त्यातली पाच साठीपलीकडची, आणि हिवाळाभराचं मांस तर हवंच. बाकी सहांच्या बंदुकांना केव्हाच सायलेन्सर लागले होते. काउको त्यांना हसायचा. बंदूक आहे की नाकात बोळे घातलेला म्हातारा, म्हणायचा. त्यामुळे घरापर्यंत पोचणारा बार फक्त त्याच्या एकट्याचा होता. हे त्याच्या फार उशिरा लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावर तो सातूच्या दुकानात गेला.

या वर्षी पहिल्या शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला एक तरुण नर त्याच्या समोरून दलदल ओलांडायला लागला. बंदुकीचं टोक जड झालं होतं. ती बर्चच्या फांदीवर टेकवून काउकोने बार काढला. आवाज झाला तो कुणी सतरंजी झटकावी एवढाच. नर चार पावलं चालला आणि बसला.

रेडिओवर टोळीचा म्होरक्या रेइयो बोलला. "काउको, बार काढलास की शिंकलास?"

"पडलाय. दोर घेऊन या."

"घ्या, शेवटी म्हाताऱ्यानेही नाकात बोळे घातले," रेइयो म्हणाला, आणि सगळे हसले. काउकोही हसला.

घरी येताना त्याने लांबूनच धुराडं पाहिलं. धूर नव्हता. दाराला आतून कडी होती, दोनदा ठोठावावं लागलं. ऐला रात्रीच्या गाऊनमध्येच होती. शेजारणीने दुपारी येऊन ठेवलेलं सूप तिने अर्धं खाल्लं होतं.

"कुठे होतास रे?"

"रानात. शिकारीला."

"मिळालं का काही?"

"मिळालं."

"बरं झालं," ऐला म्हणाली आणि पुन्हा खिडकीबाहेर बघत बसली.

काउकोने स्वतः चूल पेटवली, काळीज चिरून कांद्यात परतलं, रानातल्या लाल बेरींचा मुरंबा काढला. दोन ताटं घेतली. संध्याकाळ झाली, गेली, कुणी रडलं नाही. कित्येक वर्षांत पहिल्यांदा शिकारीच्या दिवशी तो गाढ झोपला.

पुढच्या शनिवारी तसंच झालं. त्याच्या पुढच्याही. ऑक्टोबर संपता संपता काउकोला घरात काहीतरी कमी वाटायला लागलं. काय कमी आहे, ते त्याला कळेना. घड्याळ चालू होतं, कुत्रा जागेवर होता. शेवटी एकदा भांडी विसळताना त्याला उमगलं. हा सगळा महिना या घरात यार्नोचं नाव कुणी घेतलं नव्हतं. तो स्वतः तर अकरा वर्षांत आपणहून घेत नसे. ऐलाने विचारलं तर उत्तर द्यायचं, एवढंच. आणि ऐला विचारायची ती बार ऐकूनच.

त्याने हात पुसले आणि तिच्यासमोर येऊन बसला.

"ऐला, यार्नोचा वाढदिवस आला."

ऐलाने मान वर केली. दारात आलेल्या परक्या माणसाशी बोलावं तशी ती आदबीने म्हणाली, "कुठला यार्नो? पोस्टातला का?"

काउकोने भिंतीवरचा फोटो काढून तिच्या हातात दिला. तिने तो दिव्याखाली धरला, बोटाने काचेवरची धूळ पुसली.

"चांगला मुलगा आहे," ती म्हणाली. "तुमच्याकडचा का?"

"हो," काउको म्हणाला. "माझ्याकडचा."

तिने फोटो परत दिला. त्याने तो खिळ्यावर लावला. नीट लागेना, म्हणून तो बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तिला दुःख होऊ नये, एवढंच त्याने मागितलं होतं. ते मिळालं होतं. पण त्याबरोबर पोरगंही गेलं होतं, आणि या वेळी त्याला पुरणारा काउको स्वतः होता.

सोमवारी दुकान उघडताच त्याने खोकं सातूच्या काउंटरवर ठेवलं.

"बिघडला?"

"नाही. चांगला आहे. फार चांगला आहे."

"मग?"

"हलका दे."

सातूने त्याच्याकडे पाहिलं. "आवाज येईल, काका. फार नाही. पण वारा तुमच्याकडून घराकडे असला, तर ऐकू जाईल."

"थोडा जायला हवा."

"तसं असेल तर काहीच लावू नका ना. आट्यांवर टोपी बसवून देते. पूर्वीसारखी वापरा."

काउको जरा वेळ काउंटरवरच्या हिरव्या कापडाची सुरकुती सरळ करत राहिला. आमच्याकडे माणसं एवढं बोलत नाहीत, आणि काउको तर त्यातलाही कमी बोलणारा.

"उघड्या बाराने ती दचकते. एकदा हातातला कप फुटला, बोट कापलं," तो म्हणाला. मग म्हणाला, "आणि पूर्ण आवाज मलाच आता सोसत नाही, सातू. पूर्ण गप्पही सोसत नाही."

सातू पाठ फिरवून मागच्या फळीवर हलका सायलेन्सर शोधायला लागली. तो तिच्या कोपराशी, समोरच्याच काचेत होता. तो तिला सापडायला बराच वेळ लागला.

"आठवीत त्याने माझी वही तळ्यात टाकली होती," ती तिकडेच तोंड करून म्हणाली. "मग स्वतःच पोहत जाऊन आणली. सप्टेंबर होता. आठ दिवस तापाने फणफणला होता."

"मला नाही सांगितलं त्याने."

"तुम्हाला कसं सांगेल? मार दिला असतात."

"दिला असता," काउको म्हणाला. हलक्याचं खोकं त्याने कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

हंगामाच्या शेवटच्या शनिवारी बर्फ पडून गेला होता. परवान्यावर एक पाडस उरलं होतं. सकाळभर काउको वाऱ्याकडे लक्ष ठेवून होता. वारा तळ्यावरून घराकडे जात होता, पण मधूनच पडत होता. साडेअकराला कुत्रा भुंकला आणि पाडस झाडीतून बाहेर आलं. काउकोने नेम धरला. पण घोडा ओढला नाही. गालावर गार झुळूक लागेपर्यंत तो थांबला आणि मग बार काढला. कोरडं लाकूड मोडावं तसा आवाज झाला आणि बर्फावरून घराच्या बाजूने गेला. एकच.

"या खेपेला खोकलास," रेडिओवर रेइयो म्हणाला.

मांस वाटून झालं तेव्हा दुपार कलली होती. घराच्या वळणावर आल्यावर त्याला मान वर करवेना. पायाखालचा बर्फ बघत तो फाटकापर्यंत आला, फाटकाला हात लावला आणि मग वर पाहिलं. धुराड्यातून धूर निघत होता. सरळ, दाट, बर्चच्या कोरड्या लाकडांचा.

दाराला कडी नव्हती. आत कांद्याचा वास होता. ऐला निळ्या स्वेटरमध्ये चुलीपाशी उभी होती, स्वेटर उलटा घातलेला होता. टेबलावर तीन ताटं होती.

"एकच बार होता," ती म्हणाली. तिचे गाल चुलीच्या आचेने लाल झाले होते. "यार्नोने मारला ना?"

काउकोने पिशवी खाली ठेवली. बूट काढले. एक सरळ ठेवला, मग दुसरा त्याच्या शेजारी.

"हो," तो म्हणाला. "यार्नोने."

"आणि आहे कुठे तो?"

"मागे राहिलाय. रेइयोच्या कोठारात मांस टांगतोय. आपण बसू या, तो येईल."

"तो आल्याशिवाय कसं बसणार?" ऐला म्हणाली. तिने भांडं चुलीच्या कडेला सरकवलं, वर झाकण घातलं आणि दाराकडे तोंड करून बाकावर बसली. शेजारी हाताने थोपटून काउकोला जागा दाखवली.

काउको तिच्याजवळ बसला. तिने त्याचा हात हातात घेतला, तो गार होता म्हणून चोळायला लागली. बाहेर कुत्रा एकदा भुंकला आणि दोघांनीही एकदमच मान वर केली.