बाणांचे माहेर

चोपड्याहून निघालेली एस.टी. शिरपूर मागे टाकून महामार्गाला लागली, तेव्हा अभिमनने मांडीवरच्या गठ्ठ्यातली एक पुस्तिका उघडली. आणि तिच्यातले सगळे बाण उलटे असल्याचे त्याच्या ध्यानात आले.

गणिताचा हा प्राध्यापक कित्येक उन्हाळे कॅटेगरी थिअरीपाशी एकटाच बसला होता. वस्तूच्या पोटात काय दडले आहे, हे विचारायचे नाही. तिच्यापासून कुठे वाटा, म्हणजे बाण, जातात, तिच्यापाशी कुठून येतात, एवढ्यावरच तिला ओळखायचे, ही त्या शास्त्राची रीत. मुंबईहून आणलेल्या झेरॉक्सची अक्षरे पुसट होत चालली, तशी सोबतीची ओढ वाढली. म्हणून त्याने मराठीत ही पुस्तिका लिहिली. आज धुळ्याच्या शिक्षक-शिबिरात शिबीर चालवणाऱ्या यादव सरांनी त्याला दुपारची वेळ दिली होती. जमले, तर अभ्यासमंडळ निघणार. नाही तर, सर म्हणाले होते, "हे बाणांचं खूळ तुझ्यापाशीच राहू दे."

टंकयंत्राला बाण येत नाहीत. म्हणून स्टेन्सिलवर ते प्रमिलाने कोरले. ती त्याची बायको, शाळेत चित्रकला शिकवणारी. त्याने नुसत्या रेघा आखून एका टोकाला ठिपका दिला होता. "बाण म्हणजे लेकीची वाट. ठिपका तिथं माहेर," एवढेच सांगितले होते.

ती खिडकीशी बसली होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशातली प्रत्येक लेक माहेरच्या झोक्यावर असते. स्टेन्सिलपायी तिची आखाजी हुकली होती. आज ती सोनगीरला, माहेरी, उतरणार होती.

"प्रमिला, बठ्ठा बाण उलटा शेतस."

तिने पान पाहिले. "तुम्हीच सांगेल व्हतं, लेकनी वाट. आखाजीले लेक कोठे जास?"

"लगीन व्हयनं का सासरले जास ना."

"मंग तसं सांगनं व्हतं. आखाजीना दिवसमा माले सासर कसं याद यी?"

तो हसू शकला नाही. बाहेर उन्हात कपाशीची मोकळी राने तरंगत होती. सोनगीरच्या किल्ल्याची टेकडी जवळ येत होती की दूर जात होती, कळत नव्हते. पानावर 'गुणाकार' या मथळ्याखाली दोन घरांतून दोन लेकी एकाच अंगणात येत होत्या. एकमेकींत न मिसळता. तो पाहत राहिला, आणि उन्हातूनच उमटावे तसे त्याला दिसले: गुणाकाराच्या आकृतीतले सारे बाण फिरवले, की बेरीज होते. हे त्याला पाठ होते. डोळ्यांनी पाहिले मात्र आत्ता. चित्र खरे होते. वरचा शब्द तेवढा खोटा.

सोनगीरला प्रमिला उतरली. धुळे येईपर्यंत तो प्रत्येक प्रतीवरचा 'गुणाकार' खोडून 'बेरीज' लिहीत राहिला. खड्ड्याखड्ड्याला अक्षर हलत होते.

दुपारी त्याने शिक्षकांना दोन घरे सांगितली, एक अंगण सांगितले. कोणी उठून गेले नाही.

"बेरीज समजली," यादव सर म्हणाले. "गुणाकार कुठं आहे तुझा?"

"ह्याच पानावर, सर. सगळे बाण फिरवा."

सरांनी खिशातले पेन काढले. एक बाण फिरवला, दुसरा फिरवला, आणि अंगणातून दोन घरांकडे निघालेल्या वाटा पाहून ते मध्येच थांबले. पंखा संथ फिरत होता.

"पुढच्या महिन्यात," मान वर न करता ते म्हणाले, "मंडळासाठी फळा मोठा मागवू."