पंचेचाळीस व त्यापुढील

विषय : वृद्धांची बुद्धी तरुणांच्या मानकांवर मोजली गेल्याबाबत.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करते की, मी प्रौढ बुद्धिमापन चाचणीची पेटी आहे. रुग्णालयाच्या मानसशास्त्र विभागात, खिडकीजवळच्या कपाटात माझा मुक्काम असतो. माझ्या पोटात लाल-पांढरे ठोकळे, चित्रं, सेकंद मोजणारं घड्याळ आणि मानकांची पुस्तिका आहे. माणसाने मिळवलेले गुण त्याच्या वयाच्या इतरांशी ताडून पाहायचे, ते या पुस्तिकेवरून.

'त्याच्या वयाच्या इतरांशी' असं म्हणताना माझी मान वर होत नाही.

माझा जन्म एका समितीच्या पोटी झाला. म्हणजे उशिरा, आणि तरीही घाईघाईने. मानकं ठरवायला सगळ्या वयांची, सगळ्या धंद्यांची माणसं हवी होती. मिळाले ते प्रशिक्षणाला आलेले तरुण कारकून. ते सभागृहात आयते बसलेले होते आणि नाही म्हणायची त्यांना सोय नव्हती. मुदत संपत आली तेव्हा कोणाला तरी म्हाताऱ्यांची आठवण झाली. मग समितीचेच शिपाई आणि ड्रायव्हर धरून बसवले. त्यांतला सर्वांत वयोवृद्ध सेहेचाळीसचा. त्यांच्या आकड्यांवर पुस्तिकेचा शेवटचा रकाना छापला : 'पंचेचाळीस व त्यापुढील'. म्हातारपण एवढ्यात उरकलं.

गेल्या वर्षी एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर बाई आल्या. वय बहात्तर. सोबत भाचा. आत्याचा नळ दोनदा उघडा राहिला होता, खालच्यांच्या छताला ओल आली होती. तिने आता एकटीने राहू नये, तिचं घर आणि व्यवहार आपल्या हाती यावेत, अशी भाच्याने अशा प्रकरणांचा निर्णय देणाऱ्या मंडळाकडे मागणी केली होती. मंडळाने तिच्या बुद्धीबद्दल मत मागवलं. माझं!

चाचणी घेणाऱ्या परीक्षक बाईंनी आकडे म्हटले. आत्यांनी ते सरळ म्हणून दाखवले, मग उलटे.

"जन्मभर लोकांचे नंबर जोडलेत हो. सांगा आणखी, लाजू नका."

मग ठोकळे निघाले. चित्रात होती तशी नक्षी जुळवायची, घड्याळ लावून. आत्यांची बोटं सांध्यांशी सुजलेली. एकेक ठोकळा त्या दोन्ही हातांनी सरकवत होत्या. नक्षी जुळली.

"झालं की!"

"बरोबर आहे आजी. पण वेळ संपली होती."

"आजी म्हणता आणि घड्याळ जावयाच्या वयाचं लावता?"

परीक्षक बाई हसल्या आणि नियमाप्रमाणे त्यांनी शून्य लिहिलं. पुढच्या नक्षीलाही तेच. मी बुद्धी मोजायला बसले आणि सांधेदुखी मोजून उठले.

बेरीज त्या शेवटच्या रकान्याशी ताडली, आकडा खालचा आला. महिन्याभराने पुन्हा चाचणी झाली. पुन्हा तोच आकडा. याला माझी विश्वसनीयता म्हणतात. चुकायचं तर दर वेळी तेवढंच चुकायचं, हा माझा एकमेव सद्गुण.

"आत्या, दोन्ही वेळा तेच आलं. आता तरी ऐक."

"तुझा बाप मला रोज वेंधळी म्हणायचा. रोज म्हणायचा म्हणून खरं का रे?"

भाचा हसला. मग हळूच म्हणाला, "पण नळाचं काय, आत्या?"

नळ उघडा कसा राहतो हे मलाही विचारायला हवं होतं. माझ्या प्रश्नांत नळ कुठेच नाही.

परीक्षक बाईंना माझी लायकी ठाऊक होती. नवा संच त्यांनी कधीचा मागितला होता, तो आलेला नव्हता. अहवालाखाली त्यांनी शेरा लिहिला : 'ही मानके या वयास लागू नाहीत.' मंडळाने आकडा वाचला. शेरा आकड्याच्या खाली होता आणि मंडळाला त्या दिवशी बरीच प्रकरणं होती.

भाच्याची मागणी मान्य झाली. आत्या त्याच्याकडे राहायला गेल्या. तो त्यांना वेळच्या वेळी औषध देतो, हळू बोलतो आणि चहा करू देत नाही.

निघण्यापूर्वी त्या परीक्षक बाईंना भेटायला आल्या होत्या. टेबलावर मी उघडीच होते. त्यांनी एक ठोकळा उचलला, फिरवून पाहिला आणि पुन्हा जागेवर ठेवला. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

माझी विनंती एवढीच, की मला मोडीत काढावं. पेटीची विनंती कोण नोंदवून घेणार?

आत्यांनी मात्र आपला अर्ज रीतसर दिला आहे : माझ्या वयाच्या माणसांशी ताडून माझी पुन्हा तपासणी व्हावी, आणि तोवर मला माझ्या घरी राहू द्यावं. अर्ज मंडळाकडे पोहोचला आहे. त्यावर अद्याप निर्णय झालेला नाही.