आभाळाची आखणी

रामवाडीच्या मैदानात एवढी माणसं एरवी गणपतीच्या दिवसांतच दिसतात. २०१४ सालचा फेब्रुवारी होता, नुकता अंधार पडला होता आणि रांग पार हायवेपर्यंत गेली होती. रांगेच्या टोकाला भगव्या चादरीवर नेत्रानंद महाराज बसले होते. शेजारी म्हात्रे सरांची आठ इंची आरशाची दुर्बीण.

"आधी पाहा, आभाळ आंधळं आहे!" महाराज गरजायचे. माणूस नळीला डोळा लावायचा. एक धुरकट डाग, बाकी शून्य. मग महाराज मंत्र पुटपुटत हवेत कुंचला फिरवायचे. "केली आखणी! आता पाहा!" आणि खरंच, त्या धुरकटात आता एक बारीक तारा असायचा.

शेजारच्या हमरापूरच्या, गणपती घडवणाऱ्या मूर्तिकारांना हे लगेच पटलं. गणपती अख्खा रंगला तरी डोळे आखेपर्यंत कारखान्यात त्याला कुणी हात जोडत नाही. आखणी झाली की मातीत देव येतो. मग आभाळाची आखणी का होऊ नये?

नाथा म्हात्रे सर शाळेत विज्ञान शिकवायचे. तारा खरा होता, हे त्यांना ठाऊक होतं. दूरच्या एका दीर्घिकेत विझत आलेला तारा फुटला होता. असे स्फोट दुर्बिणींनी शोधून, त्यांचा प्रकाश तपासून, त्यांचे वर्ग पाडतात. याच्या प्रकाशात हायड्रोजनची खूण नव्हती, म्हणून हा कुठल्या वर्गातला तेही सरांना तोंडपाठ होतं. पण ते ऐकायला काळं कुत्रं फिरकलं नव्हतं. मग महाराज भेटले. "मास्तर, आधी शेजारची रिकामी दीर्घिका दाखवा, नंतर गपचूप नळी ताऱ्याच्या दीर्घिकेवर सरकवा. मधलं मी बघतो." सरांनी मनाची समजूत घातली, निदान लोक आभाळाकडे बघतायत. खरं म्हणजे त्यांना गर्दी आवडली होती.

त्या संध्याकाळी रांगेतून सगुणा पुढे आली. हमरापुरात तिच्याइतकी सुबक आखणी कुणाची नव्हती. पण अलीकडे तिची रेघ सरकायला लागली होती. अलिबागच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगून थेंब दिले होते.

"थेंब घालतेस ना?" सरांनी सहज विचारलं.

"नाय सर. म्हाराज बोलले, औषद बंद कर, तारा दिसला की नजर आली समज. महिना झाला." तिने नळीला डोळा लावला. तिचा चेहरा उजळला. "दिसला! सर, मला तारा दिसला!"

सरांनी नळी अजून हलवलीच नव्हती. सगुणा रिकाम्या दीर्घिकेकडे बघत होती.

"महाराज," सर म्हणाले, "आज मंत्र नको."

"अरे मास्तर, मंत्राशिवाय शक्ती कशी उतरणार? ब्रह्मांडाची वायरिंग असते ती!"

सरांनी गपचूप नळी बोटभर सरकवली आणि मागच्या धोंडुबाईला बोलावलं. म्हातारीने डोळा लावला. "अगो बाय, हाय की! मंत्र तर म्हटलाच नाय!"

"आता म्हणा," सर महाराजांना म्हणाले आणि नळी परत मागे नेली. महाराजांनी घाम येईस्तोवर मंत्र म्हटला. धोंडुबाई मान हलवत राहिली. "काय नाय. नुसता धूर."

"अविश्वासाने शक्ती रुसते!" महाराज चादर गोळा करत ओरडले. "आणि लोकहो, रोज नळी कोण सरकवत होतं, ते विचारा की या शहाण्याला!"

सगळ्यांच्या माना सरांकडे वळल्या.

"मी," सर म्हणाले. "दोन दीर्घिका शेजारी शेजारी आहेत. एकीत हा फुटलेला तारा आहे, एकीत नाही. नळी मी सरकवत होतो."

दुसऱ्या दिवशी सर स्वतः सगुणाला अलिबागला घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, उरलेली नजर टिकवता येईल, गेलेली येणार नाही. महिन्याभरात बरीच गेली होती. बाहेर बाकड्यावर सगुणा थेंबांची नवी बाटली मुठीत धरून बसली. सरांना तिच्याकडे बघवेना. माफी मागायलाही तोंड नव्हतं.

"तुमाला समदं ठाव व्हतं ना, सर?"

"होय."

"म्हाराज लबाड, ते मी उद्या विसरंन. पर मी तुमच्याकडं बघून विश्वास ठेवला. मी मनात बोलले, सर उभे हायत, म्हंजे खरं असंल."

आता आकाशदर्शनाला चार माणसं जमली तरी ते पहिल्यांदा सगुणाची हकीकत सांगतात, आपल्या नावासकट. मग म्हणतात, "नळी स्वतः हलवून बघा. मंत्र म्हणून बघा, न म्हणता बघा. दुखणं असेल तर डॉक्टरकडे जा. आणि मी सांगतो म्हणून काहीही खरं मानू नका."