साधी प्लेट

"ही प्लेट कुणी केली?" सरांनी विचारलं. कुणी केली ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"मीच, सर."

"हातांनी केलीस की पायांनी?"

लॅबमधली बाकीची मंडळी खाली मान घालून हसली. सरांनी विनोद केला की हसायचं असतं, हे तिथे आल्या आल्याच कळायचं. जिच्यावर विनोद झाला ती मुलगी मात्र हसली नाही. ती सरांची पीएचडीची विद्यार्थिनी. सरांनी तिचं नाव गोगलगाय ठेवलं होतं. ती चालायची हळू, बोलायची हळू, शिंका मात्र भराभर द्यायची.

"साधी प्लेट निळी कशी येते? तिच्यात आपण काही घातलेलंच नसतं. काही न घालता काही होतं का?"

"होतंय, सर. दर वेळी होतंय."

"दर वेळी तू कापतेस म्हणून होतंय! हे हात कुदळ धरायचे आहेत, बाई. अंडं म्हणजे खडी नव्हे."

सरांचं सगळं आयुष्य एका शोधावर उभं होतं. नखवाल्या बेडकीचं अंडं फळलं की काही तासांत त्याचा पेशींचा इवलासा गोळा होतो. या गोळ्याच्या डोक्यावरचा तुकडा कापून नुसता पाण्यात ठेवला तर त्याची कातडी होते. सरांनी तरुणपणी एक प्रथिन वेगळं काढलं होतं. ते पाण्यात घातलं की त्याच तुकड्याचे मज्जातंतू होत. मग रंग दिला की मज्जातंतू निळे दिसत आणि कातडी पांढरीच राही. एका प्लेटमध्ये प्रथिन, दुसरी साधी. एक निळी, एक पांढरी. एवढ्यावर सर प्राध्यापक झाले, त्यांना पदक मिळालं, कोपऱ्यावरची मोठी खोली मिळाली. या विषयातले जगभरचे जाणकार एका बसमध्ये मावले असते आणि सरांच्या मते त्यातले ड्रायव्हरसकट सगळे गाढव होते.

ज्यांच्या जिवावर हे सगळं उभं होतं त्या बेडक्यांबद्दलही त्यांना फारसं ममत्व नव्हतं. "जीभ नसलेलं जनावर आहे," ते पाहुण्यांना टाकीपाशी नेऊन सांगत. "म्हणून तर इतकी वर्षं आमचं जमलं."

त्या दिवशी जेवताना त्यांनी बायकोसमोर गोगलगायीची नक्कल केली. शिंकेसकट. बायको कॉलेजात त्यांच्याच वर्गात होती आणि पुढे तिने शाळेत गणित शिकवण्यात जन्म घालवला. ती नक्कल पुरती बघून मग म्हणाली, "तो आधीचा उंच मुलगा, त्यालाही हे जमलं नव्हतं ना?"

"त्याला धड बुटाची नाडी बांधता येत नव्हती."

"आणि त्याच्या आधीची ती चष्मेवाली?"

"तिचं नाव काढू नकोस."

"जगातले सगळे थोटे तुझ्याच वाट्याला कसे येतात रे?"

सर हसले. बायको हसली नाही. "तूच एकदा करून दाखव ना तिला," ती म्हणाली. "शेवटचं कधी कापलं होतंस?"

सरांनी ताट बाजूला सारलं. "उद्याच दाखवतो."

दुसऱ्या दिवशी ते पांढरा कोट घालून लॅबमध्ये आले. कोटाचं पोटावरचं बटण लागेना, तेव्हा त्यांनी ते मुद्दाम उघडं ठेवल्यासारखं केलं. गोगलगायीने आदल्या संध्याकाळी बेडक्यांना इंजेक्शन देऊन ठेवलं होतं. सकाळी बेडकीच्या पोटावरून हळूच हात फिरवून तिने अंडी काढली, फळवली. दुपारी गोळे तयार झाले, तशी ती खुर्ची सोडून बाजूला उभी राहिली.

तुकडा कापायची सुरी म्हणजे काचेच्या काडीला चिकटवलेला भुवईचा केस. तिने पुढे केलेली सुरी सरांनी बघितलीसुद्धा नाही. "स्वतःची सुरी स्वतः करायची असते," म्हणून त्यांनी स्वतःच्या भुवईचा एक केस उपटला. तो पांढरा निघाला. तोच त्यांनी काडीला लावला.

पहिला गोळा फुटला, दुसराही. "अंडी जुनी दिसतायत," सर म्हणाले. अंडी सकाळचीच होती. मग हात बसला. तुकडे सुटे होऊ लागले, सर शीळ घालू लागले. अर्धे तुकडे त्यांनी प्रथिनात ठेवले, अर्धे साध्या पाण्यात, आणि प्लेटांवर स्वतः सही केली.

जाताना ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "शुक्रवारी चार वाजता इथे जमा. संचालकांनाही बोलावतोय. हात कशाला म्हणतात ते बघायला मिळेल." संचालकांच्या कानावर त्यांनी आणखी एक गोष्ट घातली होती: या महिन्याअखेर मुलीला घरी पाठवायचं.

शुक्रवारी दुपारी जेवणाच्या आधी रंग देऊन झाला. सर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले. प्रथिनाची प्लेट निळी होती. त्यांनी साधी प्लेट खाली सरकवली. बराच वेळ ते बघत राहिले, मग भिंग पुसून पुन्हा बघितलं.

साधी प्लेटही निळी होती.

"पाणी बदललंय का कुणी?"

"नाही, सर. पाणी तेच आहे, बेडक्याही त्याच."

"मग रंग जुना असेल. प्लेटा उलटसुलट झाल्या असतील."

"सही तुमचीच आहे, सर." तिला शिंक आली. ती दाबून ती म्हणाली, "कापताना तुकडा ओढला जातो, पेशी सैल होतात. सैल झाल्या की आपोआप मज्जातंतू होतात. मी मुद्दाम ओढून बघितलं, जास्त निळे आले. तुमचं प्रथिन काही करत नाही, सर. मी दोन वर्षं हेच सांगतेय."

तिच्या आवाजात विजय नव्हता. कंटाळा होता. सरांना तो फार जवळचा वाटला. मूर्ख माणसांशी बोलताना त्यांच्या स्वतःच्या आवाजात तो असे.

तरुणपणी साधी प्लेट पांढरी आली होती, हे खरं होतं. ती का पांढरी आली होती, हे आता कोण सांगणार?

खोलीत जाऊन त्यांनी उंच मुलाला फोन लावला. तो शिक्षण अर्धवट सोडून लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करत होता.

"सर? बोला पटकन. दोघेजण अडकलेत आत."

"तुझ्या वेळी साधी प्लेट निळी यायची का?"

पलीकडे कुणीतरी लोखंडावर काहीतरी आपटत होतं.

"यायची की."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो होतो, सर. तुम्ही म्हणालात, हे हात कुदळ धरायचे आहेत." तो रागावलेला वाटला नाही. "ते जाऊ द्या आता. ठेवू का? बाई घाबरल्यात आतमध्ये."

सरांनी फोन खाली ठेवला. नवी शिवी शोधायचेही कष्ट आपण घेतले नव्हते, हे त्यांच्या लक्षात आलं. आयुष्यभर त्यांनी किती माणसांना तुच्छ लेखलं होतं, त्याचा हिशेब त्यांनी कधी ठेवला नव्हता. आता त्या रांगेत आणखी एक माणूस येऊन उभा राहिला होता आणि त्याच्यावर एकही विनोद त्यांना सुचत नव्हता.

साडेतीनला मुलगी दारात आली. "सर, लोकांना नको म्हणून सांगू का? तुमची तब्येत बरी नाही म्हणून सांगते."

ही दया होती की तिरस्कार, ते त्यांना कळेना. काहीही असलं तरी तिने ते सरळ तोंडाने विचारलं होतं. "माझ्या तब्येतीला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "दुसरा दिवा आण. त्या खोलीत उजेड कमी पडतो."

चारला सगळे जमले. सरांची फजिती बघायला कुणी आलं नव्हतं. मुलीची बघायला आले होते, आणि काहींनी चहाचे कपही बरोबर आणले होते. संचालक सर्वांत शेवटी आले.

"हं, दाखवा तुमची करामत," ते म्हणाले.

"कापलेलं माझं आहे," सर म्हणाले. "शोध हिचा आहे. हिला महिनाअखेर घरी पाठवायचं मी तुम्हाला म्हणालो होतो. ते चूक होतं."

खोलीत कुणी हसलं नाही. हसायचं की नाही हेच कुणाला समजेना. संचालक ठेंगणे होते, त्यांचा डोळा भिंगापर्यंत पोचत नव्हता. सरांनी वाकून स्टूल पुढे ओढलं आणि ते बसेपर्यंत हाताने धरून ठेवलं.

"आधी डावीकडची बघा," ते म्हणाले. "ती साधी आहे."