जावयाचा दोष माझ्या माथी

मी टर्बो बोलतोय. डिझेल ट्रकच्या इंजिनाला चिकटलेला, गोगलगाईच्या शंखासारखा दिसणारा. इंजिनाचा धूर माझं एक चाक फिरवतो आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक इंजिनात हवा कोंबतं. भरला ट्रक चढावर जातो तो माझ्या जोरावर, नाव मात्र इंजिनाचं! तेही मी सोडून देतो. पण खोटा आळ? छे, तो नाही ऐकून घेणार.

माझा दांडा फिरतो तो तेलाच्या पातळ थरावर. इंजिन बंद झालं की तेलही बंद. आणि आमच्या ड्रायव्हरसाहेबांना एक भारी खोड. घरापुढे गाडी लावली की किल्ली फिरवण्याआधी जोरदार रेस द्यायची, घर्रर्र! कशाला? तर साहेब आले हे अख्ख्या गल्लीला कळावं! ते खुशाल जेवायला जातात आणि मी तापलेला, कोरडा, आत गरगरतच राहतो. उरलंसुरलं तेल माझ्या अंगातच जळतं आणि त्याच्या काजळीनं तेलाची नळी चोंदते.

मला साफ करतात ते मिस्त्री म्हणजे ड्रायव्हरचे सासरे. मला खोलून डिझेलमध्ये भिजत घालतात, मऊ ब्रशनं पातं न् पातं घासतात. स्क्रूड्रायव्हरनं खरवडायचं नाव काढत नाहीत. तेलाच्या नळीतली काजळी पाहून त्यांना सगळं कळतं, पण जावयासमोर तोंडाला कुलूप! "टर्बोच नाजूक हो, जावईबापू. तुम्ही तरी काय करणार!"

नाजूक? मी?

परवा चढावर माझा पुन्हा दम उखडला. ट्रक काळा धूर ओकत कसाबसा परतला. मिस्त्रींनी मला उतरवलं, धुतलं, दांडा बोटानं हलवून पाहिला. "चालेल अजून," ते पुटपुटले.

"फेका हो तो! नवा घाला," जावई म्हणाले.

आणि माझे मिस्त्री, इतकी वर्षं मला हाताळणारे, मला उचलून मुकाट्यानं भंगाराच्या पिंपाकडे निघाले! असा संताप झाला माझा!

"बाबा, थांबा," डबा घेऊन आलेली त्यांची लेक म्हणाली. "नवाही असाच मरेल. नळी का चोंदते ते सांगा ना ह्यांना. मी सांगितलं की हसण्यावारी नेतात."

मिस्त्रींनी कपाळ पुसलं. "जावईबापू, दोष टर्बोचा नाही. तुमचा आहे. शेवटची रेस बंद करा. गाडी लावल्यावर इंजिन थोडा वेळ नुसतं चालू ठेवा, मग किल्ली फिरवा."

"मग आजवर बोलला का नाहीत?"

"तुम्ही दुखावाल म्हणून."

आणि ते दुखावलेच! न जेवता केबिनमध्ये जाऊन बसले. मिस्त्रींनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. नळी साफ केली, माझ्यात स्वतःच्या हातानं ताजं तेल ओतलं आणि मला परत बसवलं.

आता गाडी लावली की जावईबापू तोंड फुगवून किल्लीवर हात ठेवून बसतात आणि मी निवांत थंड होतो. फुगू दे तोंड! ते रुसले तर बायको समजूत काढेल. माझा दांडा तुटला तर मला कोण विचारणार? कुणाचा मान राखायला मी भंगारात जाणार नाही, सांगून ठेवतो!